जुन्या एसीतला गॅस हवेत न सोडता काढून घेता येतो का?

खाडीकाठ (डोंबिवली) यांचा प्रश्न:

नमस्कार. आमच्याकडे 2010 साली घेतलेला दीड टनाचा स्प्लिट एसी आहे. बाहेरच्या युनिटवरील पाटीवर आर-22 आणि 1.1 किलो असे छापलेले आहे. पहिली दहा वर्षे त्याने काहीही त्रास दिला नाही; गेल्या चार वर्षांत मात्र तीन वेळा ‘गॅस संपला आहे’ असे सांगून तो भरण्यात आला. प्रत्येक वेळी वेगळा मेकॅनिक आला, प्रत्येकाने आत उरलासुरला गॅस गॅलरीतच सोडून दिला आणि मग नवा भरला. गळती कोठे आहे हे एकानेही शोधले नाही. गेल्या महिन्यात तिसऱ्यांदा गॅस भरला जात असताना माझा आठवीतला मुलगा शेजारी उभा होता. ‘आई, ओझोनच्या थराला भोक पाडणारा गॅस हाच का?’ असे त्याने विचारले आणि मला खात्रीने काही सांगता आले नाही. तेव्हापासून हा प्रश्न मनातून जात नाही.

सासऱ्यांचे म्हणणे असे की चालू स्थितीतील यंत्र टाकून नवे घेणे हीच मोठी नासाडी आहे, म्हणून हा एसी बंद पडेपर्यंत वापरावा. मला वाटते की दर वर्ष-दीड वर्षाने किलोभर गॅस हवेत जाणार असेल, तर तो आताच बदललेला बरा. पण बदलला तरी जुन्याचे काय होणार? दुकानदार तो उचलून नेईल आणि भंगारवाला तांब्याची नळी कापून गॅस सोडून देईल, मग आमच्या चांगल्या हेतूला अर्थ काय राहिला? शिवाय कुडाळजवळच्या गावच्या घरी 1994 सालचा एक फ्रीज अजून उत्तम चालतो. त्यात कोणता गॅस असेल आणि त्याचे काय करावे, हेही कळत नाही. ओझोनच्या काळजीने आम्ही डिओडरंट आणि रूम फ्रेशनरचे स्प्रे वापरणे केव्हाच सोडले आहे, ते तरी बरोबर केले का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

शीतपेटी (उरण) यांचे उत्तर:

ताई, मुलाला ‘होय, हाच तो गॅस’ असे सांगायला हरकत नाही, पण पुढचे अर्धे वाक्यही सांगा. आर-22 ओझोनला मारक आहे, मात्र जुन्या फ्रीजमधील सीएफसी (क्लोरोफ्लुरोकार्बन) वायूंच्या तुलनेत त्याची ती ताकद सुमारे 5.5 टक्केच आहे. त्याचा मोठा दोष दुसरा आहे. शंभर वर्षांच्या हिशेबाने एक किलो आर-22 हवेत जाणे म्हणजे सुमारे 1,810 किलो कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखे आहे.

मी गेली बावीस वर्षे या धंद्यात आहे. आधी घरगुती एसी, आता न्हावा-शेवा बंदरावरच्या शीत-कंटेनरची दुरुस्ती. आपल्या घराचा हिशेब मांडून पाहतो, कारण तो मांडल्याशिवाय गांभीर्य लक्षात येत नाही. आपला एसी उन्हाळ्याचे तीन महिने रोज सहा तास चालतो असे धरले, तर जुन्या यंत्राला साधारण 900 युनिट वीज लागेल. आपल्याकडे एका युनिटमागे अंदाजे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे वर्षाचे सुमारे साडेसहाशे किलो झाले. आणि 1.1 किलो आर-22 एकदा हवेत गेला की जवळजवळ दोन टन. म्हणजे एका वेळच्या गॅसने तीन वर्षांच्या विजेइतके काम बिघडवले. आपल्याकडे मूळ भरलेला, नंतर भरलेला आणि त्यानंतर पुन्हा भरलेला असा तीन वेळचा गॅस गेला आहे. तो सहा टनांच्या घरात जातो.

एक गोष्ट मनापासून सांगतो, आमच्याच धंद्यातील लोकांनी ती दडवून ठेवली आहे. एसीतला गॅस ‘संपत’ नाही. तो पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो आणि यंत्राचे आयुष्य संपेपर्यंत तितकाच राहायला हवा. ‘सर्व्हिसिंगमध्ये दरवर्षी थोडा गॅस टॉप-अप करावा लागतो’ असे कोणी म्हणाले, तर एकतर गळती आहे, नाहीतर गॅस कमी झालेलाच नाही. फिल्टर धुळीने भरला तरी आतल्या कॉइलवर बर्फ धरतो आणि गॅस कमी असला तरी धरतो; गेज लावून दाब आणि क्लॅम्प मीटरने करंट पाहिल्याशिवाय दोन्हींतला फरक सांगता येत नाही. आर-22 च्या यंत्रात चालू स्थितीत सक्शनचा, म्हणजे कॉम्प्रेसर गॅस ओढतो त्या बाजूचा, दाब साधारण 60 ते 70 पीएसआय असतो. मेकॅनिकने तो आकडा आपल्याला दाखवावा, असा आग्रह धरण्यात गैर काहीच नाही.

गळती बहुधा दोन ठिकाणी असते. फ्लेअर नटवर, जिथे तांब्याची नळी युनिटला जोडलेली असते. तिथली गळती दहा मिनिटांत दुरुस्त होते. किंवा आतल्या कॉइलमध्ये सुईच्या टोकाएवढी छिद्रे पडतात. खाडी किंवा सांडपाण्याचा नाला जवळ असलेल्या वस्तीत हवेतील हायड्रोजन सल्फाइड तांबे काळे करून खाऊन टाकतो, त्यामुळे आपल्या सदस्यनामावरून मला दुसरी शक्यता अधिक वाटते. तपासण्याची योग्य रीत म्हणजे यंत्र रिकामे करून त्यात नायट्रोजन दाबाने भरायचा आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहायचे. काही जण नायट्रोजनऐवजी वेल्डिंगचा ऑक्सिजन वापरतात. तसे कोणालाही करू देऊ नका. कॉम्प्रेसरमधील तेल आणि दाबातला ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो.

आता निर्णयाचे. पंधरा वर्षांच्या यंत्राला नवी कॉइल बसवणे मला परवडणारे वाटत नाही, आणि गळती तशीच ठेवून चौथ्यांदा गॅस भरणे तर मुळीच मान्य नाही. सासऱ्यांचा मुद्दा चांगल्या, न गळणाऱ्या यंत्राला लागू आहे, या यंत्राला नाही. गॅस गेल्या महिन्यातच भरला असल्याने तो बराचसा अजून आत आहे. थंड करणे बंद झाल्यावर बदलायचे ठरवलेत, तर काढून घेण्यासारखे काही उरणारच नाही. म्हणून बदलायचा असेल तर आत्ताच बदला.

काढून घेण्याच्या यंत्राला रिकव्हरी मशीन म्हणतात. ते गॅस ओढून वेगळ्या सिलिंडरमध्ये भरते. हा गॅस गाळून, शुद्ध करून पुन्हा वापरता येतो. फोनवर एवढेच विचारा: ‘रिकव्हरी मशीन, रिकामा सिलिंडर आणि वजनकाटा घेऊन येता का?’ मोठ्या कार्यालयांची किंवा मॉलची कामे घेणाऱ्या ठेकेदारांकडे हे साहित्य असते. गल्लीतल्या दुकानात सहसा नसते.

प्रयोगशाळा (नाशिक) यांचे उत्तर:

मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत असे. वरील उत्तराशी मी पूर्णपणे सहमत आहे. स्प्रे आणि फ्रीज या दोन प्रश्नांविषयी लिहिते.

स्प्रेचा ओझोनशी असलेला संबंध एके काळी खरा होता. 1974 साली मोलिना आणि रोलंड यांनी सीएफसीतील क्लोरीन वरच्या वातावरणात जाऊन ओझोनचा नाश करतो हे मांडले, तेव्हा अमेरिकेत सीएफसीचा मोठा वाटा स्प्रेच्या डब्यांतच जात होता, आणि 1978 साली तेथे बहुतेक स्प्रेंमध्ये त्यावर बंदी आली. अंटार्क्टिकावरचे ओझोनचे छिद्र 1985 साली जगापुढे आले, 1987 साली ओझोनला मारक वायू टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा माँट्रियल करार झाला आणि भारत 1992 मध्ये त्यात सामील झाला. आज आपल्याकडे मिळणाऱ्या डिओडरंटमध्ये आणि रूम फ्रेशनरमध्ये सर्वसाधारणपणे प्रोपेन आणि ब्युटेन, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसचेच घटक, दाबाने भरलेले असतात. त्यांनी ओझोनचा थर विरळ होत नाही. उलट, भर उन्हात वाहनांच्या धुरातील नायट्रोजन ऑक्साइडांशी त्यांचा संयोग होऊन जमिनीलगत नको असलेला ओझोन तयार होण्यास हातभार लागतो, आणि तो फुप्फुसांना अपायकारक असतो. शिवाय हा डबा पेट घेणारा असल्याने देवघरातील समईजवळ किंवा गॅसच्या शेगडीजवळ फवारू नये. तेव्हा आपण स्प्रे सोडलात ते चांगलेच केलेत. फक्त त्याचे कारण ओझोनचा थर हे नव्हे.

दम्याच्या पंप-इनहेलरविषयी येथे लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण अशा चर्चा वाचून कोणी तरी चुकीचा निर्णय घेईल अशी भीती असते. त्यात पूर्वी सीएफसी असे, आता बहुधा एचएफसी-134ए (म्हणजेच आर-134ए) असतो. तो ओझोनला मारक नाही, पण कार्बन डायऑक्साइडच्या 1,430 पट उष्णता धरतो. पावडरच्या इनहेलरमध्ये असा वायू मुळीच नसतो, आणि डॉक्टरांना योग्य वाटल्यास तो पर्याय निवडता येतो. परंतु पर्यावरणाच्या काळजीपोटी कोणीही आपला इनहेलर स्वतःहून बंद करू नये किंवा बदलू नये. आजारी माणसाच्या श्वासाशी या हिशेबाची तुलना होऊ शकत नाही.

1994 सालच्या फ्रीजमध्ये बहुधा आर-12, म्हणजे सीएफसी-12 असेल. त्या आकाराच्या फ्रीजमध्ये तो शंभर-दीडशे ग्रॅमच असतो, पण त्याची उष्णता धरण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या 10,900 पट आहे आणि वातावरणात तो सुमारे शंभर वर्षे टिकतो. बहुतेकांना ठाऊक नसलेली गोष्ट अशी की नळ्यांतील गॅसपेक्षा अधिक सीएफसी फ्रीजच्या भिंतींत असतो. त्या काळी भिंतीतील पिवळसर फोम फुगवण्यासाठी सीएफसी-11 वापरत, आणि तो त्या फोमच्या सूक्ष्म पोकळ्यांमध्ये तीस वर्षांनंतरही बऱ्याच प्रमाणात अडकलेला असतो. भंगारात हातोड्याने पत्रा सोलून फोम फोडला जातो तेव्हा तो सुटतो, आणि त्या वेळी आवाज किंवा वास असे काहीच जाणवत नाही. म्हणून तो फ्रीज जोवर न गळता चालतो आहे तोवर त्याच्या गॅसपासून कोणताही अपाय नाही. विजेचा विचार करून बदलायचा असेल तेव्हा मात्र तो अखंड, न फोडता, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेल्या इ-कचरा पुनर्वापरकर्त्याकडेच जावा. एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या इ-कचरा नियमांनुसार फ्रीज आणि एसी दोन्ही वस्तू उत्पादकांच्या जबाबदारीत येतात, त्यामुळे नवा फ्रीज घेताना त्या कंपनीकडे जुन्याबद्दल विचारणा करण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

आजच्या घरगुती फ्रीजपैकी अनेकांत आर-600ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. तो पन्नास-साठ ग्रॅम भरलेला असतो आणि सगळा गळाला तरी त्याचा परिणाम काही शे ग्रॅम कार्बन डायऑक्साइडएवढाच होतो. मधल्या पिढीच्या आर-134ए फ्रीजमधील 120 ग्रॅम गॅस सुटला तर तोच आकडा 170 किलोच्या आसपास जातो. तीस वर्षांत झालेली ही प्रगती खरोखर मोठी आहे. माँट्रियल करारामुळे ओझोनचा थर भरून येतो आहे आणि अंटार्क्टिकावर तो 1980 च्या पातळीला साधारण 2066 पर्यंत पोहोचेल असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. आपल्या मुलाला हेही अवश्य सांगावे.

सोसायटी-सचिव (पुणे) यांचे उत्तर:

नवा एसी कोणता घ्यावा यावर कोणी लिहिलेले नाही, म्हणून थोडे लिहितो. भारतात एचसीएफसी (आर-22 ज्या गटात मोडतो ते वायू) वापरून नवी उपकरणे बनवण्यास 2024 च्या अखेरीपासून बंदी आहे, त्यामुळे नवा एसी आर-22 चा नसेल. दुकानात प्रामुख्याने आर-32 मिळेल. त्याचा आकडा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या किती पट उष्णता तो धरतो ते, 675 आहे. आर-410ए चा 2,088 आहे, म्हणजे तो ओझोनला निरुपद्रवी असला तरी उष्णतेच्या बाबतीत आर-22 पेक्षाही वाईट, तेव्हा उरलेसुरले जुने मॉडेल स्वस्तात देऊ केले तरी घेऊ नये. आर-290, म्हणजे प्रोपेन, हा तिसरा पर्याय आहे. सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथे गोदरेजच्या कारखान्यात 2012 च्या सुमारास या गॅसचे स्प्लिट एसी बनू लागले. त्याचा आकडा जेमतेम 3 आहे. पेट घेण्याची भीती वाटते खरी, परंतु एसीत तीन-चारशे ग्रॅमच प्रोपेन असतो, आणि आपल्या स्वयंपाकघरातील सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो. फक्त तो बसवणारा माणूस त्या कंपनीनेच प्रशिक्षण दिलेला असावा.

आमच्या सोसायटीत गेल्या वर्षी आम्ही एक प्रयोग केला. ज्यांना जुने एसी काढायचे होते अशा अकरा घरांची यादी केली आणि रिकव्हरी मशीन असलेल्या ठेकेदाराला एकाच दिवशी बोलावले. एका एसीसाठी तो यायला तयार नव्हता. अकरांसाठी आला आणि खर्च वाटून गेल्याने कोणालाही जड झाला नाही. रिकामी यंत्रे त्यानंतर नोंदणीकृत इ-कचरा केंद्राने नेली. आपल्या इमारतीत विचारून पाहावे.

खाडीकाठ (डोंबिवली):

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मी सहा ठिकाणी फोन केले. चौघांना रिकव्हरी मशीन म्हणजे काय हेच समजले नाही. पाचव्याने सांगितले की मशीनची गरज नाही, ‘पंप डाऊन’ करून सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये कोंडून देतो, मग ते युनिट कोठेही न्या. सहावा ठेकेदार मशीन आणेल, पण किमान तीन एसी हवेत म्हणतो. पंप डाऊन करून घेतले तर चालेल का? आणि याच जुन्या यंत्रात आर-32 भरून चालवता येईल, असेही पाचवा म्हणाला.

शीतपेटी (उरण) यांचे उत्तर:

दुसऱ्या प्रश्नाचे आधी उत्तर देतो: मुळीच नाही. आर-410ए आणि आर-32 यांचा दाब आर-22 च्या दीडपटीहून अधिक असतो, तेलही वेगळे लागते, आणि आर-32 सौम्य का होईना पेट घेणारा आहे. आर-22 साठी घडवलेल्या नळ्या आणि कॉम्प्रेसर त्या दाबासाठी नाहीत. त्याचप्रमाणे जुन्या यंत्रात स्वयंपाकाचा गॅस किंवा प्रोपेन भरून देणारेही भेटतील. त्यांना दारातूनच परत पाठवा. प्रोपेनचे यंत्र मुळापासून त्या हिशेबाने बनवलेले असते, आपले तसे नाही. 2011 साली शीत-कंटेनरमध्ये आर-134ए च्या नावाखाली भेसळीचा गॅस भरला गेला, त्यातील मिथाइल क्लोराइडची ॲल्युमिनियमशी प्रक्रिया झाली आणि झालेल्या स्फोटांत माझ्याच धंद्यातील माणसे गेली. नळीत कोणता गॅस आहे हे नक्की ठाऊक नसेल तर ती नळी उघडू नये, हा धडा तेव्हापासून मी प्रत्येक नव्या मुलाला देतो.

पंप डाऊन ही रीत वाईट नाही. बाहेरच्या युनिटवर दोन वाल्व असतात. बारीक नळीचा वाल्व एलन कीने बंद करायचा, एसी थंडीवर चालू ठेवायचा, कॉम्प्रेसर गॅस ओढून बाहेरच्या युनिटमध्ये जमा करतो, आणि सक्शनचा दाब शून्याच्या जवळ येताच जाड नळीचा वाल्वही बंद करून लगेच यंत्र थांबवायचे. न गळणारा एसी एका घरातून दुसऱ्या घरात हलवताना हेच करावे, आणि जे मेकॅनिक तेवढेही न करता नळ्या सोडवतात त्यांना थांबवावे. मात्र आपल्या यंत्राच्या आतल्या कॉइलला छिद्र असण्याची शक्यता आहे. अशा वेळी दाब खाली गेला की कॉम्प्रेसर त्या छिद्रातून हवा ओढतो, आणि तेलाच्या वाफेबरोबर हवा दाबली गेली तर कॉम्प्रेसर फुटू शकतो. म्हणून आपल्या बाबतीत मशीनच हवे. आणखी दोन घरे शोधा.

नवा एसी बसवताना पुढील एका गोष्टीवर लक्ष ठेवा. नळ्यांतील हवा काढण्यासाठी व्हॅक्यूम पंप लावायला हवा. अनेक जण वेळ वाचवण्यासाठी यंत्रातलाच थोडा गॅस सोडून हवा ढकलतात. पंप निदान वीस मिनिटे चालला पाहिजे, आणि वाल्व उघडण्यापूर्वी गेजचा काटा स्थिर आहे ना, हे पाहिले पाहिजे. फ्लेअर नट टॉर्क पान्याने आवळलेला असला तर पुढची दहा वर्षे गॅस भरण्याची वेळ येऊ नये.

खाडीकाठ (डोंबिवली):

आपल्या सूचनेप्रमाणे तिसऱ्या आणि पाचव्या मजल्यावरचे दोघे तयार झाले आणि काल ठेकेदार येऊन गेले. सासरे स्वतः सकाळपासून गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. आमच्या एसीतून 720 ग्रॅम आर-22 निघाला. काट्यावरचा आकडा मुलाने वहीत उतरवून घेतला आणि पाटीवरच्या 1.1 किलोतून तो वजा करून, भरल्यापासूनच्या जेमतेम पाच आठवड्यांत 380 ग्रॅम निघून गेल्याचे आजोबांना दाखवले. गळती आतल्या कॉइललाच होती, ‘यू’ आकाराच्या वळणापाशी, आणि तेथील तांबे शीतपेटी दादांनी लिहिल्याप्रमाणे काळे पडलेले होते. तीन घरांचा मिळून दोन किलो तीनशे ग्रॅम गॅस सिलिंडरमध्ये गेला.

नवे यंत्र पुढच्या आठवड्यात येईल आणि व्हॅक्यूम पंप आणणार का, हे मी आधीच विचारून ठेवले आहे. कुडाळला आम्ही मे महिन्यात जाणार आहोत. सिंधुदुर्गात किंवा जवळपास कोल्हापूर, गोवा येथे फोमसहित अखंड फ्रीज स्वीकारणारे नोंदणीकृत केंद्र कोणाच्या प्रत्यक्ष अनुभवातील असेल, तर कृपया येथे लिहावे.